शेगावपर्यंत कोपर

अकोल्यात भर वैशाखात लोकर विणत बसलेला पुरुष आजवर एकच होऊन गेला, आणि ते माझे मामेसासरे होते. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. ज्या गावात माठातलं पाणी दुपारी कोमट लागतं, खुर्चीला हात लावला तर चटका बसतो आणि शहाणी माणसं ओला पंचा डोक्यावर घेऊन काळोख्या खोलीत पडून राहतात, त्या गावात हे गृहस्थ ओसरीवर, वाळ्याच्या ताट्याआड, उघड्या अंगाने, मांडीवर केशरी लोकरीचा ढीग घेऊन बसलेले असत. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर येई आणि तिथून लोकरीवर पडे. येणाराजाणारा थांबून विचारी, "काय मामाजी, बरं नाही काय?" मामा वर न पाहता म्हणत, "बरं नाही तुह्या डोक्यात. इथं काम चालू हाय."

मामेसासरे म्हणजे माझ्या पत्नीचे मामा. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला मामांनी वाढवलं, तिचं कन्यादानही त्यांनीच केलं, म्हणून अकोला हीच माझी सासुरवाडी. मी अमरावतीला शाळेत मास्तर. सुट्टी लागली की बडनेऱ्याहून गाडी पकडून आम्ही अकोल्याला. सासुरवाडीला जावयाने पाय पसरून बसावं, लोकांनी त्याचं करावं, अशी रीत आहे. पण मला ते कधी जमलं नाही. आपण यांचं फुकट खातो आहोत, या विचाराने मला तिथे दुसरी पोळीसुद्धा जड जाई. माझा स्वभावच तसा आहे. देवळाबाहेर दुसऱ्याच्या चपलेवर पाय पडला तरी मी दिवसभर त्या माणसाची मनातल्या मनात माफी मागत असतो. त्यामुळे मामांनी सांगितलेलं कुठलंही काम मला नाकारता येत नसे, आणि हे त्यांनी आमच्या लग्नाआधीच ओळखलं होतं.

मामा एका जिनिंगमध्ये कापूस पारखायला होते. गाडीतल्या कापसातून चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून ओढायची, डोळ्यांजवळ नेऊन तिचा तंतू पाहायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा, हे त्यांचं काम. पण ते जिनिंगपुरतं राहिलं असतं तर हा मजकूर मी लिहिला नसता. ते सगळ्याच गोष्टी तशा ओढून पाहत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला शिक्षण विचारलं नाही की पगार विचारला नाही. जवळ आले, माझ्या कोटाच्या बाहीतून एक धागा उपसला, नखात धरून ताणला आणि म्हणाले, "मिलावट हाय." मला वाटलं, संपलं. घरी परतताना आई रडायच्या बेतात होती. चार दिवसांनी होकार आला तेव्हा कळलं की ते कोटाबद्दल बोलत होते.

त्यांचा दुसरा विशेष असा की कुठलीही गोष्ट विकत घेण्यापेक्षा किंवा दुसऱ्याकडून करून घेण्यापेक्षा ती मुळापासून शिकून घ्यावी, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. न्हाव्याशी एकदा वाजलं, तर मामा कात्री घेऊन स्वतः केस कापायला शिकले. शिकायला डोकी लागतात. ती घरचीच होती. मामींनी पदर घट्ट करून डोकं वाचवलं. सापडलो मी, लग्नाच्या आदल्या दिवशी. "जवाईबापू, बसा, मागची बाजू थोळी सारखी करतो," म्हणाले. मला नाही म्हणवेना. आमच्या लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत मी टोपी घालून आहे, आणि ती टोपी मी पुढे जवळजवळ दीड महिना घालत होतो. मामांना मात्र त्या फोटोचा अभिमान. पाहुण्याला दाखवताना टोपीवर बोट ठेवून सांगत, "खाली माही कटिंग हाय."

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मामांची एकुलती एक मुलगी सुमन आदल्या वर्षी मॅट्रिक होऊन घरी होती, आणि तिने कोणाला फारसं न विचारता दिल्लीच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. तिची निवड झाली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात हजर व्हायचं. न झाल्यास ती जागा दुसऱ्या मुलीला. ही बातमी आली तेव्हा शिमग्याची सुट्टी होती आणि मी तिथेच होतो. मामी आनंदाने उठल्या आणि देवापुढे साखर ठेवून आल्या. सुमन दाराच्या चौकटीला टेकून बापाकडे पाहत राहिली. मामांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "दिल्लीत लोकं थंडीनं मरतात. पेपरात येते."

"सगळे थोडेच मरतात, बाबा," सुमन म्हणाली.

"तुले कफाचा त्रास हाय."

"तीन वर्षांची होती मी तवा!"

"छाती तेच हाय न?"

मामी म्हणाल्या, "एक चांगला स्वेटर घेऊन द्या तिले. नागपूरहून आना पाहिजे तं."

"बाजारातला?" मामा असे म्हणाले की जणू मामींनी पोरीला उघड्यावर झोपवायला सांगितलं होतं. "त्याच्यात काय भरलं कोनाले मालूम? नाही. आयका सगळे जनं. जवाईबापू, तुमी बी आयका. मी नाही म्हनत नाही. पोट्टीनं जावं. पन माह्या हातानं विनलेला स्वेटर तिच्या आंगात असन, तवाच ते या घराचा उंबरा ओलांडन."

सुमनचा चेहरा उजळला. मामींचा पडला. त्यांचा संसार मामांशी होता, त्यामुळे त्यांना जास्त कळत होतं. त्या मला हळूच म्हणाल्या, "ह्यायले साधं बटन लावता येत नाही."

पहिला प्रश्न सुयांचा आला. मामा विकतच्या सुया घेणार नव्हतेच. त्यांनी स्वतःच्या सायकलच्या पुढच्या चाकातले दोन आरे काढले, दगडावर घासून टोकं केली, मागच्या टोकांना लाखेच्या गोळ्या बसवल्या. सुया उत्तम झाल्या. सायकल मात्र त्या दिवसापासून डुलत चालू लागली आणि मामा जिनिंगला जाताना रस्त्यावरचे लोक दोन्ही बाजूंनी जागा देऊ लागले.

मग शिकण्याचा प्रश्न. स्टेशनामागच्या सिंधी वस्तीत एक बाई राहत. फाळणीनंतर त्या नवऱ्याबरोबर आल्या होत्या; तान्ह्या मुलांच्या टोपऱ्या-मोज्यांपुरती लोकर विकत आणि दुपारी आसपासच्या मुलींना विणकाम शिकवत. मामा तिथे जाऊन मुलींच्या रांगेत शेवटी मांडी घालून बसले. मुली हसून हसून लोळल्या. दोघींना त्यांच्या आयांनी परत नेलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना पहिल्या दिवशी राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मामांना हातात घेण्याजोगं एकच विणकाम येत होतं, ते म्हणजे बाज विणणं. त्यांनी लोकरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि दोरी ताणावी तशी ती ताणायला घेतली. बाई ओरडल्या, "भाईसाब! ये बच्ची का स्वेटर है, चारपाई नहीं है!" मामा शांतपणे म्हणाले, "बाई, बाजीवर मानूस वीस वर्स झोपते. तुमच्या स्वेटरात कोन झोपते वीस वर्स?" तरी त्यांनी अंगठा सोडला. घरी येऊन त्यांनी सुलट टाका आणि उलट टाका यांचा रियाज सुरू केला. जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाआड बसून ते विणत. एक व्यापारी भाव विचारायला आला तर म्हणाले, "थांब, ओळ पुरी होऊ दे."

लोकर त्यांनी पांढरी आणली, कारण रंगवलेल्या लोकरीत दोष लपवतात असा त्यांचा संशय. तिचा एक केस उपसून नखात ताणून पाहिला आणि बराच वेळ विचारात पडले. "हे तं तुटतच नाही जवाईबापू, लांबते," म्हणाले. आयुष्यभर कापूस पाहिलेल्या माणसाला मेंढीचा हा स्वभाव पटला नव्हता. सुमनने निळा रंग मागितला होता. पण दिवस पळसाचे होते, बार्शीटाकळीच्या रस्त्याला झाडं पेटल्यासारखी फुलली होती. मामांनी पोतंभर फुलं आणून बंबात उकळली. लोकर केशरी झाली, बंब केशरी झाला, मामा कोपरापर्यंत केशरी झाले आणि आठवडाभर आम्ही केशरी पाण्याने आंघोळ केली. "निळाच पाहिजे असन तं दुसरी लोकर आनतो, निळीचं काम शिकून घेतो," मामा उत्साहाने म्हणाले. सुमन घाईघाईने म्हणाली, "नको बाबा! हाच लय छान हाय!" तिला तेव्हाच काहीतरी कळलं होतं. मला कळायला वैशाख उजाडला.

परीक्षा आटोपून मी पुन्हा अकोल्याला गेलो तेव्हा घरात सुतक असावं तशी शांतता होती. अंगणात वाळत घालायच्या दोरीवर काहीतरी केशरी लोंबत होतं. माझ्या पत्नीला वाटलं, कोणी साधू उतरले आहेत. तो सुमनचा स्वेटर होता. झालं होतं असं की आमच्या वऱ्हाडात कोरं कापड आटतं. पाण्यात घातल्याशिवाय कोणी शिवत नाही, आणि शिवलंच तर चार बोटं जास्त ठेवतात. हे मामांच्या रक्तात होतं. त्यांनी स्वेटरही सगळीकडून वीतभर मोठा विणला, धुतला आणि आटण्यासाठी दोरीवर टांगला. लोकर आटली नाही. ती ओली होऊन जड झाली आणि स्वतःच्या भाराने खाली उतरत गेली. सकाळी कमरेपर्यंत होता तो स्वेटर दुपारी गुडघ्यापर्यंत आला. सिंधी बाईंना बोलावलं. त्यांनी कपाळाला हात लावला. लोकर सपाट पसरून वाळवायची असते, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

मामा म्हणाले, "उसवतो. पुन्हा."

मी कबूल करतो, तेव्हा मला त्यांची दया आली. दोन महिन्यांचं काम मातीत गेलं होतं. पण उसवताना मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि तो दुःखी माणसाचा चेहरा नव्हता. ते टोक धरून ओढत होते आणि ओळीमागून ओळ सुटत होती, तसे त्यांचे खांदे हलके होत होते. सुटलेली लोकर कुरळी होते, ती लडी करून, धुऊन, पुन्हा गुंडाळावी लागते. "जवाईबापू, हात करा," ते म्हणाले. मी दोन्ही हात पुढे केले, त्यांनी त्यांवर लडी चढवली आणि गोळा करायला बसले. जावई म्हणून मला त्या घरात मिळालेला हा कायमचा मान. त्या उन्हाळ्यात मी किती तास असा हात पुढे करून बसलो असेन, सांगता येणार नाही. नाकावर माशी बसली तरी ती स्वखुशीने उठेपर्यंत वाट पाहावी लागे.

दुसऱ्यांदा पाठ पूर्ण होत आली तेव्हा त्यांना अगदी खाली, काठाजवळ, एक निसटलेला टाका दिसला. सिंधी बाई म्हणाल्या, सुईने उचलून घेता येतो. मामांनी मान हलवली. "खालचं कच्चं असन तं वरचं काय कामाचं?" उसवलं. त्यानंतर समोरच्या पल्ल्याला काज केले, ते शिंप्याकडे दोन दिवस बसून शिकून केले, उत्तम केले; पण पुरुषाच्या सदऱ्याच्या बाजूने केले. उसवलं. बटणं विकत घ्यायची नाहीत म्हणून नारळाच्या करवंट्या घासून बटणं केली. ती जाड झाली, काजातून जाईनात. बटणं बारीक करण्याऐवजी काज मोठे करायचे ठरलं. उसवलं.

जून लागला होता. एका दुपारी मामी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. "जवाईबापू, तुमाले समजलं काय? हे विनून नाही राहिले, उसवून राहिले. जूनचा आखरीचा आठवडा टळला का झालं. पोट्टीचं नशीब त्या लोकरीत गुंतलं. तुमचा शब्द नाही मोडनार ते. तुमी बोला."

मी छाती भरून घेतली आणि ओसरीवर गेलो. वाक्य तयार होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाले, "बरं झालं आले. हात करा." हातांत लडी घेतलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, हे ज्याने अनुभवलं नसेल त्याला पटणार नाही. बोट उगारता येत नाही, उठून जाता येत नाही. आपण आधीच शरण आल्यासारखे दिसतो. तरी मी विचारलं, "मामा, सुमनला पाठवायचं तुमच्या मनात नाही का?"

गोळा फिरत राहिला. मग ते म्हणाले, "हे तीन वर्साची होती. पौषाची थंडी, ते बी अकोल्याची, जिले दिल्लीवाले थंडी म्हननार नाहीत. छाती भरली. डाक्टर म्हने, पाहा आता. मी हिले घेऊन बसलो, असा, पाठीवर हात ठेवून. आतमंधी घर्रघर्र वाजे न, ते कानाले नाही, या हाताले लागे." त्यांनी गोळा खाली ठेवला आणि उजवा तळवा पाहिला. "हात रुईचं विसरन एखांद वेळ. हे नाही विसरत." मग पुन्हा गोळा उचलून म्हणाले, "हात वर धरा जवाईबापू, खाली येऊन राहिले."

मी मामींना जाऊन सांगितलं की जमलं नाही. त्यांनी मला दोष दिला नाही. त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि कामाला लागल्या. त्या दिवसापासून स्वेटरचा जो भाग पुरा होई तो मामी तिथल्या तिथे मामांच्या हातून काढून घेत आणि स्वतःच्या पेटीत कुलूपबंद करत. पाठ झाली, पेटीत गेली. डावा पल्ला बटणांसकट पेटीत. उजवा पल्ला काजांसकट पेटीत. "आजून त्याच्यात थोळं काम..." मामा म्हणत. "झालं थे झालं," मामी म्हणत. सुमनने सगळे भाग जोडले. आता बाह्या राहिल्या. बाही मनगटाकडून विणत वर न्यायची आणि मग खांद्याला जोडायची, ही रीत. मामांनी ती खांद्यापासून खाली विणायला घेतली, कारण पोरीचा हात किती लांब हे हातावर मोजूनच समजतं असं त्यांचं म्हणणं. सिंधी बाईंनी वाद घालणं केव्हाच सोडलं होतं. बाह्यांसाठी अख्खा स्वेटर बाहेर काढावा लागे, म्हणून मामी तो सकाळी मोजून देत आणि संध्याकाळी मोजून घेत. बाही सकाळपेक्षा आखूड भरली तर त्या दिवशी मामांना भाकरीबरोबर फक्त मिरचीचा ठेचा. पहिली बाही ठेच्याच्या जोरावर पुरी झाली.

दुसरी झाली नाही. निघायचा दिवस उजाडला तेव्हा ती दंडाच्या जेमतेम खाली आली होती. गाडी सकाळची होती. दिल्लीपर्यंत सोबत खुद्द सिंधी बाईंचीच होती. त्यांचा भाऊ तिकडे होता. त्या टांगा घेऊन दाराशी आल्या. ट्रंक बाहेर होती. मामी हातावर दही घालायला वाटी घेऊन उभ्या. मी पाहुणा म्हणून निरोप द्यायला आलेलो. आणि मामा उंबऱ्याच्या आत, हातात तो स्वेटर, त्याला लोंबणारी अर्धवट बाही, तिच्यात सायकलचे दोन आरे. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

"झाला नाही," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता.

मला वाटलं सुमन रडेल किंवा भांडेल. ती पुढे आली. बापाच्या हातातून तिने स्वेटर घेतला आणि जूनच्या त्या उकाड्यात, सुती पोलक्यावर, अंगात घातला. उजव्या हाताला पूर्ण बाही, डाव्या दंडाशी सुया लोंबताहेत. बटणं लावली. मग डावा हात तिने बापापुढे धरला.

"हा घ्या हात. भुसावळपर्यंत तुमी चला संग. गाडीत विना."

"गाडीत कसं..."

"आता उसवाल तं मले सांगून उसवाल," ती म्हणाली. रागाने नाही.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग मामींकडे पाहिलं. मामींनी पेटीची किल्ली कमरेला खोचली आणि पोरीच्या हातावर दही घातलं. मामांनी लोकरीचा गोळा उचलला आणि माझ्याकडे वळले. "जवाईबापू, चपला घाला. गोळा कोन धरन?"

अशी आमची वरात स्टेशनवर गेली. टांग्यात पुढे ट्रंक आणि सिंधी बाई, मागे सुमन, तिच्या डाव्या दंडापासून निघालेला केशरी धागा मामांच्या मांडीवरून माझ्या हातातल्या गोळ्यापर्यंत. टांगेवाला सारखा मागे वळून पाहत होता. गाडीत जागा मिळाली. सुमनने खिडकीशी बसून हात बापाच्या मांडीवर ठेवला आणि मामा विणू लागले. डब्यात धामणगावचे कापसाचे दोन व्यापारी होते, त्यांतल्या एकाने विचारलंच, "काय भाऊ, पोरीचा हात मोडला काय?" सिंधी बाई म्हणाल्या, "नहीं भाईसाब, बाप का काम बाकी है."

मामांची बोटं इतकी भरभर चाललेली मी कधी पाहिली नव्हती. उन्हाळाभर जो माणूस टाक्यागणिक श्वास घेत होता तो आता खिडकीबाहेर पाहतसुद्धा नव्हता. शेगावपर्यंत कोपर झालं. देवदर्शनाला उतरणाऱ्या बायका जाता जाता बाहीला हात लावून पाहून गेल्या. नांदुऱ्यापर्यंत कोपराखाली चार बोटं. सुमनच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बाईंनी पदराने तो पुसला, कारण तिचा एक हात बापाकडे होता आणि दुसऱ्याने ती पाण्याचा तांब्या बापाच्या तोंडाला लावत होती. मधेच मामा विचारत, "रग लागली काय हाताले?" ती म्हणे, "नाही." मलकापूर येता येता मनगट आलं. तिथून पुढे बोटं पुन्हा मंदावली. ते मी पाहिलं, बाईंनी पाहिलं, आणि सुमननेही पाहिलं असणार.

भुसावळला उतरलो तेव्हा दिल्लीची गाडी यायला फारसा अवधी नव्हता. फलाटावर ट्रंकेवर सुमन बसली, शेजारी मामा, समोर गोळा धरून मी. गोळा आता सुपारीएवढा राहिला होता. गाडीची घंटा झाली.

"भाईसाब, अब बंद करो," बाई म्हणाल्या.

"आजून एक ओळ राहिली."

"बाबा," सुमन म्हणाली, "मनगट झालं. टाके बंद करा."

मामांनी मान हलवली. एकावरून एक टाका उतरवत त्यांनी ती शेवटची कड बंद केली, दाभणाने बाहीची शिवण घेतली, अगदी सावकाश, आणि मग धागा तोडायला कात्री शोधू लागले. कात्री कोणीच आणली नव्हती. गाडी फलाटात शिरली होती. त्यांनी पोरीचं मनगट दोन्ही हातांत धरलं, तोंडाजवळ नेलं आणि धागा दाताने तोडला.

मग सगळी घाई झाली. हमाल, ट्रंक, बायकांचा डबा. सुमन दारात उभी राहिली. तिच्या मागच्या बायका पदराने वारा घेत होत्या आणि या केशरी स्वेटरवाल्या मुलीकडे अशा पाहत होत्या, जणू हिला ताप असावा. गाडी हलली. वळणापर्यंत दारात केशरी रंग दिसत होता; तिने तो काढला नव्हता.

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसले. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, रिकामे. मी काहीतरी बोलायला हवं होतं. दिल्ली आता काही दूर राहिली नाही, असं मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर मला त्याची लाज वाटली. त्यांनी ऐकलं नसावं. मलकापूर गेलं. बाहेर काळी रानं पेरणीसाठी तयार होऊन पडली होती.

"जवाईबापू," ते म्हणाले, "डावी बाही सैल झाली वाटते थोळी."

बाही सैल नव्हती. शेवटचे टाके त्यांनी इतके आवळून घातले होते की सुमनच्या मनगटावर वळ उठला होता. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

"हो मामा," मी म्हणालो. "थोडी सैल आहे."

"असू दे," मामा म्हणाले. "तिकळचं दूध चांगलं असते म्हनतात. अंग भरन पोरीचं."